मुलाला इजा कुणी केली?

घर दोन भाषांचं असलं की लेकराच्या अंगावरचा वळही दोन भाषांत बघितला जातो. एका आजीच्या घरी 'कुणी मारलं?', दुसरीकडं 'यारु होडेदरु?' आमच्या नात्यातल्या एका घटस्फोटाच्या दाव्यात असंच झालं. चार वर्षांच्या पोराच्या दंडावर काळंनिळं दिसलं आणि दोन्ही घरांनी एकमेकांकडं बोट दाखवलं. निकालात दोष बापाकडं गेला. त्याची बहीण मला म्हणाली, "सर, अपील करूया. वर खरं काय ते कळेल."

मी तर्कशास्त्र शिकवतो, कायदा नव्हे. वकील मित्राला विचारलं. कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम १९ प्रमाणे अपील ३० दिवसांत उच्च न्यायालयात करायचं. आपल्या भागाला त्यासाठी धारवाडचं खंडपीठ. तिथं वस्तुस्थिती आणि कायदा दोन्हींवर बोलता येतं. पण साक्षीपुरावे सहसा पहिल्यापासून होत नाहीत. साक्षीदार ज्यानं समोर पाहिला, त्या न्यायाधीशाच्या मताला वजन असतं.

इंग्लंडमधला २००९ चा एक निकाल मी वर्गात सांगतो. चार आठवड्यांच्या बाळाच्या अंगावर वळ होते. खालच्या न्यायाधीशांनी बापाची शक्यता साठ टक्के, आईची चाळीस, असं मांडलं, पण आईला वगळता येत नाही म्हटलं. सर्वोच्च न्यायालयानं पुराव्याची कसोटीच चुकल्याचं सांगून दुसऱ्या न्यायाधीशांसमोर फेरसुनावणी लावली. कसोटी एवढीच, की घडलं असण्याची शक्यता न घडल्यापेक्षा जास्त आहे का? मात्र पुरावा तेवढा नसेल, तर ओढूनताणून एकाचं नाव घेऊ नये, हेही त्याच निकालात आहे.

मला हे फार मोलाचं वाटतं. 'कुणी केलं ते ठरत नाही' हेही प्रामाणिक उत्तर असू शकतं. आपल्या घरांना ते पचत नाही. आपल्याला गुन्हेगार हवा असतो, तोही शक्यतो व्याह्यांकडचा.

बहिणीला मी एवढंच म्हणालो, "अक्का, अब्रूसाठी अपील नको. निकालात कुठला पुरावा बघायचा राहिलाय का, ते शोधा." तसा एक निघाला. डॉक्टरांच्या दाखल्याचा निकालात उल्लेखच नव्हता. त्या मुद्द्यावर अपील दाखल झालं. निकाल काय लागेल ते लागो. तोवर पोराला कुणीही, कुठल्याही भाषेत, तो प्रश्न पुन्हा विचारायचा नाही, एवढं दोन्ही घरांनी कबूल केलंय.