नियम लिहिणाऱ्यानं गप्प बसायचं

वॉरगेम म्हटलं की आम्हा फौजी मंडळींना सँड मॉडेल आठवतं. मातीचे डोंगर, निळ्या फितीची नदी आणि मागच्या रांगेत झोप आवरत बसलेला एखादा कॅप्टन. भिलाईच्या पोस्टिंगमध्ये मात्र मी एका निराळ्याच वॉरगेममध्ये अडकलो. ओळखीतल्या एका मराठी कुटुंबातला मुलगा, वडील स्टील प्लँटमध्ये, स्वतः इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. त्यानं विज्ञानकथेतला एक युद्धखेळ रचला होता. बोटाच्या पेराएवढे सैनिक थ्रीडी प्रिंटरवर छापलेले, खडक म्हणून स्लॅगची खडी आणि लढाई परग्रहावरच्या लोखंडाच्या खाणीसाठी. खाण थेट दल्ली-राजहरासारखी, लाल धुळीसकट.

"काका, तुम्ही खरे फौजी. नियम तपासून द्या ना," तो म्हणाला.

हा पोरखेळ नव्हे, हे आधी सांगतो. १८२४ मध्ये प्रशियाच्या फॉन राइसविट्झ या तरुण लेफ्टनंटनं नकाशावर खेळायच्या युद्धाचे नियम छापले. लाल-निळे ठोकळे, फासे, दोन मिनिटांची एक चाल आणि मध्ये पंच. जनरल स्टाफचे प्रमुख फॉन म्युफलिंग यांनी तो खेळ पाहिला आणि सगळ्या सैन्याला त्याची शिफारस केली. परग्रहवासीयांची पृथ्वीवरची स्वारी रंगवणाऱ्या एच. जी. वेल्स यांनीही १९१३ मध्ये खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम पुस्तकरूपात आणले. पुढच्याच वर्षी खरं महायुद्ध पेटलं.

नियमावली चाळीस पानांची होती. मी ती वाचली आणि त्याला एकच अट घातली. ज्यांनी ती कधी पाहिली नाही असे दोन मित्र बोलव, त्यांना पुस्तक दे आणि तू माझ्या शेजारी तोंड मिटून बस. खडकवासल्याला ऑर्डर लिहायला शिकलो, तेव्हा हेच डोक्यात बसलं होतं. ऑर्डर वाचणारा दमलेला असतो, अंधारात असतो, आणि लिहिणारा त्याच्या शेजारी नसतो. कागदावर नाही ते त्याच्यासाठी नाहीच.

खेळ सुरू झाला. तिसऱ्याच चालीला गाडी अडली. नियम होता, 'शत्रू दिसत असेल तर गोळीबार करता येतो.' दिसायला हवा कोणाला? तुकडीतल्या एकाला की सगळ्यांना? ड्रोनला दिसला तर? दोघे दहा मिनिटं भांडले. आमचे लेखक दोनदा खुर्चीवरून उठले, दोनदा मी दंड धरून खाली बसवलं. "काका, मला म्हणायचं होतं की..." "ते लिही," मी म्हटलं.

लेखक मध्ये बोलला की नियम वाकतो आणि बहुतेक वेळा त्याच्या मनातल्या निकालाकडेच वाकतो. १९४२ मध्ये मिडवेच्या मोहिमेआधी जपानी नौदलानं असाच युद्धखेळ केला होता. त्यात फाशांच्या हिशेबानं त्यांच्या विमानवाहू जहाजांवर नऊ बॉम्ब पडले. फुचिदा यांनी लिहून ठेवलंय, की अ‍ॅडमिरल उगाकींनी ते तीनच धरायला लावले. जूनमध्ये खऱ्या समुद्रात जपाननं चार विमानवाहू जहाजं गमावली.

दिसण्याचा प्रश्न एका ओळीत सुटला. जखमींचा सुटला नाही. गोळी लागली की सैनिक टेबलावरून उचलून डब्यात. मी विचारलं, "हा गेला कुठे?" आमच्या सेक्शनमध्ये दहा माणसं. डोंगरात एक जण जखमी झाला तर स्ट्रेचरला चार लागतात. म्हणजे एका गोळीत पाच कमी, आणि उरलेल्या पाचांना तीच टेकडी घ्यायची असते. त्यानं मान हलवली, पण म्हणाला, "काका, एवढं घातलं तर खेळ रेंगाळेल. मजा जाईल." त्याचंही खोटं नव्हतं. खेळ कोणी खेळलाच नाही तर नियम कितीही खरा असून काय उपयोग?

शेवटी तडजोड झाली. जखमीला न्यायला दोन सैनिक. सोडून पुढे जायची मोकळीक आहे, पण गुण कापले जातील.

पुढच्या रविवारी तेच दोघे खेळले. एकानं जखमी सोडला, खाण घेतली आणि गुण कापूनही जिंकला. टेबल आवरताना त्यानं विचारलं, "शेवटची चाल झाल्यावर त्याला आणायला परत जाता येतं का?" नियमावलीत तसं काही नव्हतं. लेखकानं माझ्याकडे पाहिलं. मी गप्प राहिलो. त्यानं वहीत लिहून घेतलं.

आता पाचवी आवृत्ती चालू आहे. परत जाण्याची चाल त्यात आली. सोडलेल्या माणसाचे गुण किती कापायचे, हा आकडा मात्र त्यानं माझ्यावर सोपवलाय. ती जागा अजून कोरी आहे. तुमच्यापैकी जे वर्दीत होते, त्यांनी सुचवावा.