चुरगळलेली रीळ

‘क्वीन’ हा इंग्लंडचा रॉक बँड. त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, ठाऊक आहे? तेव्हा तो फारुख बलसारा होता आणि ‘हेक्टिक्स’ या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवायचा. कोल्हापूरहून पुण्याला जाताना सुरूर फाटा आला, की आमचा दादा डावीकडे बोट दाखवून हे सांगणारच!

दादाकडं क्वीनच्या गाजलेल्या गाण्यांची कॅसेट होती. मूळ संग्रह ‘ग्रेटेस्ट हिट्स’ १९८१ चा. ही मात्र कुणाच्या तरी कॅसेटवरून भरून घेतलेली. गाण्याआधी खरखरच जास्त! तिला हात लावायचा नाही, अशी मला सक्त ताकीद होती. एका दुपारी मी गुपचूप लावली आणि टेपरेकॉर्डरनं रीळ खाल्ली. हाताशी होती त्या पेन्सिलीनं फिरवून ती आत घेतली खरी. पण ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’त ऐन कोरसमध्ये आवाज ‘वँऽऽव’ करून बुडायला लागला. मी गप्प. दादाही काही बोलला नाही.

गेल्या दिवाळीत पुतणीनं तोच संग्रह हाय-रेझोल्यूशन लॉसलेस फाइलींत आणला. एमपीथ्रीमध्ये फाइल लहान करायला आवाजातले काही बारकावे गाळतात. लॉसलेसमध्ये काही गाळत नाहीत. सीडीसाठी आवाजाची मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा होते, या फाइलींत ९६,००० वेळा.

“काका, ओळखा बघू!” म्हणत तिनं माझे डोळे बांधले. हलक्या एमपीथ्रीतल्या झांजा पाण्यात भिजल्यासारख्या वाटल्या; ती मी लगेच पकडली. पण सीडी की हाय-रेझोल्यूशन? दहा वेळांत पाच बरोबर. म्हणजे निव्वळ अंदाजपंचे! आणि ते बरोबरच आहे. माणसाला फार तर सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंतचं ऐकू येतं आणि तेवढं टिपायला दुपटीहून थोडी जास्त मोजणी पुरते. महाग आकड्यांना भुलू नका, बरं का!

कॅसेटवर मात्र न कळलेलं एक कळलं. तो कोरस म्हणजे गर्दी नव्हे. फ्रेडी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर हे तिघंच पुन्हा पुन्हा गाऊन आवाजावर आवाज चढवतात. १९७५ साली हे करताना रीळ इतकी झिजली, की तिच्यातून आरपार दिसायला लागलं, असं सांगतात. त्यांचीही रीळ झिजलीच की!

मग हेडफोन दादानं घेतला. ‘ती’ जागा जवळ आली, तशी त्यानं सवयीनं मान तिरकी केली. आवाज बुडला नाही, सरळ पुढं गेला. दादानं हेडफोन काढला.

“हितं बुडायला पाहिजे होतं की रं.”

“दादा, ते तेव्हा मीच…”

“ठाऊक हाय. पेन्सिल टेपवरच राहिली होती. मागनं चघळलेली. घरात पेन्सिली खाणारा तू एकटाच होतास.”