रात्रीचं दारं

धाकट्यानं सिस्कोची सीसीएनए परीक्षा द्यायचं ठरवलं, तेव्हा हे काय प्रकरण आहे ते मला ठाऊक नव्हतं. कॉम्प्युटर एकमेकांना जोडायची विद्या, एवढंच तो म्हणाला. दोन तासांचा पेपर आणि फी 300 डॉलर! आपल्या हिशोबानं पंचवीस हजाराच्या घरात. सोयाबीनच्या पट्टीतून भरली. पोरगं नापास झालं.

पुढं पंधरा दिवस लॅपटॉप उघडला नाही. "आबा, मनच लागत नाही," म्हणायचा. मी दहावी शिकलेला माणूस, त्याला सांगणार काय? त्या आठवड्यात रात्रीची लाईट होती आणि गव्हाला पाणी द्यायचं होतं. म्हणलं, चल दारं धरायला. बॅटरी तरी धरशील.

थंडी मरणाची. एक वाफा भरला की दारं मोडायचं, पाणी दुसऱ्यात घ्यायचं. त्यानं विचारलं, "आबा, तुम्हाला रोज उठायचा कंटाळा येत नाही?"

"रोज येतो. पण लाईट काय माझ्या मनाला विचारून येते व्हय? आली की उठायचं. अख्खं रान बघितलं तर पाय गळतात. पायापुढचा वाफा बघावा."

तो बांधावर बसला अन् बोलायला लागला. "आमच्यातबी वाफे असतात. 256 पत्त्यांचे चार भाग केले तर एकेकात 64. पण मशीनला देता येतात 62च. पहिला पत्ता त्या वाफ्याचं नाव, शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारायला."

"म्हणजे दोन बांधात गेले," मी म्हणालो. कितीतरी दिवसांनी तो हसला. ह्याच गणितांनी त्याला पाडलं होतं.

मग ठरलं. मी रानात निघालो की त्यानं उठायचं. मन लागो न लागो, चार गणितं वहीवर सोडवायची अन् सकाळी चहाला मला समजावायची. मला नाही कळलं तर पुन्हा. मध्येच मोटर जळाली. तीन रात्री मी घरीच झोपलो. तिसऱ्या रात्री जाग आली, तर त्याच्या खोलीत उजेड होता. उठवणारं कुणी नसताना पोरगं उठलं होतं. त्या रात्री मी निर्धास्त झोपलो.

दुसऱ्या खेपेच्या फीला दोन शेळ्या गेल्या. ह्यावेळी पास झाला.

आता तो पुण्यात कंपनीचं नेटवर्क सांभाळतो. त्यालाही रात्रपाळी असते. मी दारं धरत असलो की कधीमधी फोन येतो, "आबा, कितवा वाफा चाललाय?"