बाकीच्या बायका

मे 2021. समोरच्या वहिनींचे यजमान कोविडनं गेले. दवाखान्यातून त्यांना परस्पर स्मशानभूमीत नेलं. घरी कुणी आलं नाही, येऊच शकत नव्हतं. दाराला दार असूनही मी मास्क लावून माझ्या उंबऱ्यातच उभी होते. आत वहिनी, त्यांची थोरली जाऊ आणि पलंगावर सासूबाई, ज्यांना वहिनी आत्याबाई म्हणतात, एवढीच माणसं. जावेच्या हातात मोबाइल होता आणि स्पीकरवर गावाकडची कुणी वडीलधारी बाई सांगत होती, आधी काय करायचं, मग काय करायचं. थोड्या वेळानं न्हाणीतून बांगड्या फोडल्याचा आवाज आला. जाऊबाई सुपलीत हिरव्या काचा घेऊन बाहेर आल्या आणि त्या कुठं टाकायच्या, हेही त्यांनी फोनवरच विचारलं.

बघायला कुणी नव्हतं. भावकी नाही, गल्ली नाही, दारात चपलांचा ढीग नाही. एखादी गोष्ट राहून गेली असती तर कुणाला कळलंही नसतं. तरी सगळं रीतसर पार पडलं. मी काहीच बोलले नाही, ‘राहू द्या’ एवढंही नाही.

मी इचलकरंजीत एका ज्युनिअर कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. सॉलोमन ॲश यांचा 1951 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग दरवर्षी फळ्यावर काढते. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. त्या तिघींतली कोणती पहिलीएवढी लांब, एवढंच सांगायचं. उत्तर लहान पोरही देईल. पण टेबलाभोवती बसलेल्यांत एकजणच खरा असतो, बाकीचे आधीच पढवून ठेवलेले. अठरापैकी बारा वेळा ते सगळे एकच चुकीचं उत्तर देतात. अशा वेळी त्या खऱ्या माणसांची सुमारे एक तृतीयांश उत्तरं गटाच्या मागं गेली, आणि चारांतल्या तिघांनी एकदा तरी डोळ्यांना दिसत असलेलं सोडून चुकीचं सांगितलं. मुलं ठामपणे म्हणतात, “बाई, आम्ही नसतो असं बोललो.” मी दरवर्षी समजावते. पण त्या दुपारनंतर मला कळलं, की आपल्याकडं टेबलाभोवती कुणाला बसावंही लागत नाही. ती माणसं डोक्यातच बसलेली असतात.

जानेवारी 2022 मध्ये इमारतीच्या ग्रुपवर नेहमीचा मेसेज आला. ‘सर्व सुवासिनींना हळदीकुंकवाचं आग्रहाचं निमंत्रण.’ कुणाला वगळायची गरजच पडली नाही, ते काम त्या एका शब्दानं केलं. कार्यक्रम झाल्यावर मी मुलाच्या हाती वहिनींकडं तिळगुळाचा डबा पाठवला आणि मनाचं समाधान करून घेतलं. दुसऱ्या दिवशी डबा परत आला. रिकामा द्यायचा नाही म्हणून त्यांनी आत मूठभर साखर घातली होती. ती साखर बरेच दिवस मला वापरवेना.

त्याच वर्षी 4 मे रोजी हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला, की पती वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, जोडवी काढायची नाहीत. राजर्षी शाहूंच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष. हेरवाड शिरोळ तालुक्यातलं, आमच्या शेजारचंच म्हणायचं. 17 मे रोजी सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते हे, की गावानं ही गोष्ट उघड, सगळ्यांदेखत बोलून ठरवली. प्रथेला हात लागतात. 1890 मध्ये मुंबईच्या नाभिकांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं ठरवलं होतं, की विधवांच्या केशवपनाला वस्तरा धरायचा नाही. एकट्यानं नकार दिला असता तर दुसरा कुणी मिळाला असता. सगळ्यांनी मिळून दिला म्हणून त्याला वजन आलं.

पण आमच्या इमारतीला ग्रामसभा नसते.

पुढच्या संक्रांतीला पाळी माझी होती. वहिनींना बोलवायचं मी ठरवलं होतं, पण आधी घरोघर जाऊन विचारून यावं म्हणून निघाले. अकरा बिऱ्हाडं. पहिल्या दारात उत्तर मिळालं, “मला काही नाही हो, पण बाकीच्या बायकांना चालेल का?” दुसरीकडंही तेच. तिसरीकडं शब्द वेगळे, अर्थ तोच. चौथ्या घरातल्या सूनबाईनं तर माझा हात धरून सांगितलं, “मला मागच्या वर्षीच वाईट वाटलं होतं, पण तळमजल्यावरच्या काकूंचं काय?” काकू इमारतीत सर्वांत वडील. ओटी कुणी कशी भरायची, हे त्यांना विचारूनच व्हायचं. त्यांच्याकडं मी मुद्दाम शेवटी गेले. त्या तीळ निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “माझं काय जातंय? तुम्ही आताच्या बायका काय म्हणाल म्हणून मी गप्प बसले होते.”

अकरा घरं फिरून ‘बाकीच्या बायका’ मला कुठंच भेटल्या नाहीत. भेटायच्या कशा? माझ्याबद्दलही बाकीच्या घरांत असंच बोललं जात असणार, मीही कुणाची तरी ‘बाकीची’ होतेच.

वहिनी आल्या. मोतिया रंगाची साडी, दाराजवळची खुर्ची. मी पंचपाळं घेऊन ओळीनं निघाले. त्यांच्यापाशी पोचले तेव्हा खोलीतलं बोलणं थांबलं होतं. हळद लावली. बोट कुंकवाकडं गेलं तसं त्यांनी माझं मनगट धरलं. “तेवढं नको ताई. आत्याबाई घरी आहेत.” मग हळूच म्हणाल्या, “तुमच्या घरनं उठून मला तिथंच जायचंय.”

खरं सांगते, मी खट्टू झाले. इतकी घरं पालथी घालून सगळं जुळवून आणलं आणि यांनीच हात धरला, असं वाटलं. घर आवरताना मात्र लक्षात आलं, की मी अकरा दारं वाजवली, पण ज्यांच्यासाठी वाजवली त्यांना काय हवंय ते विचारलंच नव्हतं. कपाळ त्यांचं, आणि ठराव माझा.

तिकडं वहिनींनी माझं मनगट धरलं, तेवढ्यात काकू उठल्या होत्या. काही न विचारता वहिनींपुढं बोरं, गाजर, हरभरे, उसाची पेरं घेऊन उभ्या राहिल्या. वहिनींना पदर पसरावा की नाही कळेना. एक टोक धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. काकूंनी खालून स्वतःचा हात लावला आणि ओटी भरली. मग कुणी अत्तर लावलं, कुणी तिळगूळ दिला. खोली पुन्हा बोलायला लागली.

2024 ला मी मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्यात होते. हळदीकुंकू दुसऱ्या मजल्यावर झालं. मेसेजमध्ये पुन्हा ‘सर्व सुवासिनींना’. वहिनींना बोलावणं गेलं नाही. मी फोनवर तो मेसेज वाचला, उत्तर टाइप केलं आणि पुसलं. लांब बसून कशाला वाद, असा विचार केला. ॲशच्या प्रयोगात खरं बोलणारा एक जोडीदार मिळाला, की गटामागं जाण्याचं प्रमाण विसातल्या एकावर येतं. पण तो जोडीदार मध्येच उठून गेला, की ते पुन्हा वर चढतं. इतकी वर्षं मीच हे फळ्यावर लिहीत आले होते. परत आल्यावर यजमानीणबाईंना विचारलं तर म्हणाल्या, “अहो, मी बोलवणारच होते. पण कुणी विषयच काढला नाही.” त्या खोटं बोलत नव्हत्या.

2025 च्या संक्रांतीआधी वहिनी स्वतःच माझ्याकडं आल्या. “यंदा मेसेज मी लिहू का?” शेजारी बसून त्यांनी टाइप केलं, ‘इमारतीतल्या सर्व बायकांना.’ मग बोटांवर मोजत नावं घ्यायला लागल्या. तिसऱ्या मजल्यावरची, नवऱ्यापासून वेगळी राहणारी मुलगी. आणि मागच्या बाजूला भाड्यानं राहणाऱ्या, कांडी भरायला जाणाऱ्या भाभी. मुसलमान असल्यानं त्यांना कुणी कधी बोलावलं नव्हतं. अकरा बिऱ्हाडं मोजताना मीसुद्धा त्यांचं बिऱ्हाड धरलं नव्हतं, आणि धरलं नाही हे मला तोवर जाणवलंही नव्हतं. वहिनींना जाणवलं होतं.

दार उघडं होतं. समोरून आत्याबाईंनी विचारलं, “कुणाला बोलावतीस गं?”

“सगळ्यांना, आत्याबाई.”

पलीकडून काही आवाज आला नाही. वहिनींनी मेसेज पाठवला.

कुंकू त्यांनी त्याही दिवशी लावून घेतलं नाही, मीही आग्रह केला नाही. भाभी कामावरून थेट आल्या होत्या, केसांत सुताचा एक धागा अडकलेला. त्यांनी अत्तर लावून घेतलं, कुंकवाचं बोट हसून टाळलं आणि वहिनींच्या शेजारची खुर्ची ओढली. मधे ओल्या हरभऱ्याची टोपली ठेवून दोघी घाटे सोलत बसल्या.