जुन्या मालकाचा शब्द

आमच्या मराठवाड्यात सालगड्याचं साल पाडव्याला संपायचं अन् पाडव्यालाच नवं लागायचं. गडी दुसऱ्या घरी राहतो म्हणाला की नवा मालक आधी जुन्या मालकाला पारावर गाठायचा. "कसा हाय गडी?" एवढंच विचारायचा. कागद नाही, सही नाही; पण त्या उत्तरावर उचल किती, ज्वारी किती, सगळं ठरायचं.

वडलांनी एकाच घरी आठ सालं काढली. नवव्या पाडव्याला बाहेर पडायचं म्हणाले, तर मालकांनी सांगितलं, "कामाला वाघ हाय, पर तोंडानं फटकळ." फटकळ कशानं? राहिलेली चार पायली ज्वारी मागितली म्हणून! चांगला गडी हातचा जाऊ नये, तर जुना मालक त्याला जरा उणा करूनच सांगणार. त्यासाठी खोटंही बोलावं लागत नाही. एक 'पर' पुरतो.

शेवटी आईच नव्या मालकिणीकडे गेली. म्हणाली, "बाई, वंगाळ गडी कुणी आठ वरसं ठिवतं व्हय?"

मालकीण हसली. साल ठरलं. दोन मण ज्वारी कमी करून.