कडेवरचं मूल

शिक्षिका म्हणून मला जे थोडंफार उमगलं, त्यातलं बरंचसं बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं देणं आहे. दोघींशीही माझी कधी भेट झाली नाही. ताराबाई १९७३ साली गेल्या तेव्हा मी पाटी-पेन्सिल घेऊन शाळेत जात होते, आणि त्यांचं काम जिथे चाललं त्या कोसबाडच्या टेकडीवर मी पहिल्यांदा गेले तेव्हा अनुताईही नव्हत्या.

डी.एड. करून तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या जव्हार तालुक्यात एका पाड्यावर रुजू झाले. हजेरीपटावर मुलींची नावं पुष्कळ, वर्गात मात्र मुलगेच. आईबापांना मुलींच्या शिक्षणाचं महत्त्व पटलेलं नाही, अशी माझी समजूत होती. संध्याकाळी घरोघरी जाऊन मी तेच सांगत बसे. लोक ऐकून घेत, मान डोलवत. मुली येत नसत.

त्यातली तिसरीतली एक मात्र रोज यायची, पण खिडकीपर्यंतच. कडेवर धाकटा भाऊ असायचा. तो किरकिरला की ती एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत त्याला थोपटायची आणि आमच्याबरोबर ओठांतल्या ओठांत पाढे म्हणायची. मूल वागवून त्या एवढ्याशा पोरीची कंबर एका अंगाला कलली होती. आत ये म्हटलं तर म्हणाली, "बाई, हा वर्गात मुतंल ना." आई मजुरीला जायची, बाळाला सांभाळायला हिच्याशिवाय घरी कुणी नव्हतं. महत्त्व पटवण्याचा प्रश्नच नव्हता.

त्याच सुमारास केंद्रशाळेच्या कपाटात अनुताईंचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' हाती लागलं. तेराव्या वर्षी लग्न होऊन काही महिन्यांतच विधवा झालेली ही मुलगी पुढे हिंगण्याच्या संस्थेत शिकली, शिक्षिका झाली, १९४५ साली ताराबाईंबरोबर बोर्डीला आली आणि १९९२ मध्ये डोळे मिटेपर्यंत बालशिक्षणाच्याच कामात राहिली. १९५७ साली काम कोसबाडला, वारल्यांच्या वस्तीत आलं. मोठी मुलगी शाळेत यायची तर तिच्या कडेवरच्या मुलाचीही सोय हवी, हे या दोघींनी ओळखलं. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा त्यांनी एकाच ठिकाणी आणली आणि त्याला विकासवाडी म्हटलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणात नेली. साधनं म्हणजे खडे, बिया, पानं, शिंपले. मुलं शाळेत येत नाहीत याचा दोष घरावर न टाकता त्यांनी शाळाच बदलायला घेतली. हे वाचलं त्या दिवसापासून पाड्यावर उपदेश करायला माझी जीभ वळली नाही.

आम्ही शाळेच्या पडवीत जुन्या लुगड्याची झोळी बांधली. पाड्यावरची एक म्हातारी स्वतःहून येऊन झोळीपाशी बसू लागली. पुढे दोन झोळ्या झाल्या. म्हातारीला एक पैसाही मिळत नव्हता. पोरं रडायला लागली की ती जी गाणी म्हणायची, ती ऐकत आमचा वर्ग चालायचा. खिडकीतली मुलगी आत येऊन पहिल्या रांगेत बसली. सातवीपर्यंत शिकली, मग तिचं लग्न लावून दिलं. तिला याहून पुढे नेणं मला जमलं नाही, पण माझ्या पुढच्या सगळ्या मुलींच्या शिक्षणाची वाट तिनेच मला दाखवली. तिचं आणि त्या आजींचं ऋण मी ताराबाई-अनुताईंच्या ऋणाइतकंच मोठं मानते.

अंगणवाडीची कल्पना याच दोघींच्या कामातून आली आणि आज ती देशभर पोचली आहे. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांच्या मुली आजही मधेच गळतात, तो निराळा आणि फार कठीण प्रश्न आहे. पण गावात राहणाऱ्या मुलींचं तरी करता येण्यासारखं आहे. अंगणवाडीत तीन वर्षांपुढचीच मुलं बसतात, ती दुपारी सुटते आणि शाळा संध्याकाळी. म्हणजे तान्हं मूल दिवसभर आणि त्याच्यावरचं दुपारपासून पुन्हा ताईच्याच गळ्यात. केंद्राच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीतच पाळणाघर चालवण्याची तरतूद आहे. निवृत्त झाल्यावरही ग्रामसभेला जाते ती एवढ्याचसाठी: आमच्या पाड्याचं नाव त्या योजनेत घाला आणि ते पाळणाघर शाळा सुटेपर्यंत उघडं ठेवा, हे सांगायला.