विजेची शिदोरी: नांदेड ते लातूर

नांदेडाहून लातुरास जाण्याचे दोन मार्ग आहेत. मोटारीचा रस्ता लोहा, अहमदपूर, चाकूर या गांवांवरून बराचसा सरळ जातो. लोहमार्ग मात्र पूर्णा, परभणी, गंगाखेड, परळी असा मोठा वळसा घेऊन लातूर रोड जंक्शनावरून शहरांत शिरतो. ज्यांस वेळेची निकड आहे ते पहिला मार्ग धरतात. ज्यांस खिडकींतून मुलूख पाहावयाचा आहे त्यांनीं दुसरा धरावा, असें आमचें मत आहे. गेल्या वैशाखांत आम्हीं दुसरा मार्ग धरला तो मात्र मुलूख पाहण्यासाठीं नव्हे. आमच्या पुतण्यास प्रवासभर काम करावयाचें होतें, आणि हिंदकळणाऱ्या मोटारींत तें होण्यासारखें नव्हतें.

हा मुलगा अभियांत्रिकीचा विद्यार्थी. त्यानें व त्याच्या तीन मित्रांनीं मिळून संगणकावर खेळावयाचा एक खेळ रचला होता, व तो त्याच रात्रीं बाराच्या आंत एका स्पर्धेकडे रवाना व्हावयाचा होता. सहा महिन्यांची मेहनत शेवटच्या हातासाठीं अडली होती. इकडे दुसऱ्या दिवशीं सकाळीं लातुरास आमच्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे आक्काच्या, नातवाची मुंज. मुहूर्त कोणासाठीं थांबत नाहीं आणि स्पर्धावालेहि थांबत नाहींत. तेव्हां दोन्ही साधावयाचें ठरलें. सामानांत आहेराच्या पिशव्या, वहिनींनीं दिलेले धपाटे व दह्याचा डबा, आणि या सर्वांहून अधिक जपून आणलेला एक गेमिंग लॅपटॉप व त्याची पॉवर बँक.

ही पॉवर बँक हल्लीं घरोघर असते. परंतु फोनाचे लाड पुरविणारी ही पेटी गेमिंग लॅपटॉपापुढें कशी दीन होते, हें आम्हांस त्याच प्रवासांत उमगलें. पेटीवर २०,००० मिलिअँपिअर-तास असा भरघोस आंकडा छापलेला होता. पुतण्या म्हणाला, "काका, तो आंकडा आंतल्या ३.७ व्होल्टांच्या हिशेबानें असतो. गुणाकार केला कीं ७४ वॉट-तास उरतात, आणि व्होल्ट चढवितांना कांहीं गळती होते ती वेगळी. साठेक हातीं लागले तर नशीब समजायचें." त्याच्या लॅपटॉपाची स्वतःची बॅटरी ८० वॉट-तासांची. म्हणजे दोन्ही मिळून १४०. आणि भिंतीच्या विजेवर हें यंत्र पुऱ्या जोमानें चालावें म्हणून सोबत जो विटेएवढा अ‍ॅडाप्टर येतो, तो २३० वॉटांचा! पुऱ्या जोमानें खर्च केला तर सारा सांठा पाऊण तासहि टिकावयाचा नाहीं.

शिवाय आणखी एक मेख आहे. रांजणांत पाणी किती, हा एक प्रश्न; त्याची तोटी केवढी, हा दुसरा. वॉट-तास म्हणजे रांजण आणि वॉट म्हणजे तोटी. आमच्या पेटीची तोटी ६५ वॉटांची. खेळ चालूं असतांना यंत्र बॅटरीवर कितीहि आंखडून वागलें तरी शंभर वॉट मागे. मग ६५ पेटींतून येत व उरलेले ३५ लॅपटॉप आपल्याच पदरचे घाली. म्हणून पेटी जोडलेली असूनहि बॅटरीचा कांटा खालींच सरकत असे. पुष्कळांस हा बिघाड वाटतो व ते दुकानदाराशीं भांडावयास जातात. मोठी पेटी घ्यावी तर तोटीहि मोठी पाहून घ्यावी लागते, आणि विमानानें जावयाचें असल्यास परवानगीवांचून १०० वॉट-तासांच्या वर सोबत नेतां येत नाहीं. कांहीं गेमिंग लॅपटॉप तर सी-प्रकारच्या खांचेंतून वीज घेतच नाहींत. त्यांस आपल्या अ‍ॅडाप्टराची विशिष्ट पिनच लागते. पैसे मोजण्यापूर्वीं एवढें विचारून घेतलेलें बरें.

डब्यांत खिडकीजवळ विजेची खोबण होती. ती फोन व साधे लॅपटॉप यांजसाठीं. तेथें २३० वॉटांचा अ‍ॅडाप्टर लावणें पुतण्यास प्रशस्त वाटलें नाहीं, आणि समोरच्या बाकावरील चौघांचे फोन तिच्याकडे डोळे लावून बसले होते हेंहि खरें. मग त्यानें काटकसरीचा संसार मांडला. पडद्याचा उजेड मंद केला, चित्रांचा वेग सेकंदास साठांवरून तीसांवर आणला, आणि दुरुस्त्या आधीं कागदावर लिहून मगच यंत्र उघडावयाचें असा नेम धरला. नुसतें लिहिण्याचें काम २५-३० वॉटांत भागे. खेळ चालवून पाहावयाचा म्हटला कीं सांठा झपाट्यानें उतरे. म्हणून चांचणी दर स्थानकास एकदांच. वैशाखाच्या उन्हानें पेटी तापली, तेव्हां शेजारच्या एका आजींनीं तिजवर ओला पंचा घालण्याचा सल्ला दिला. पोराचा चेहरा पाहण्यासारखा झाला! लिथियमच्या पेटीस ऊन सोसत नाहीं, तसें पाणीहि सोसत नाहीं. शेवटीं ती बाकाखालीं सांवलींत ठेवली, आणि आजींच्या वाट्यास दोन धपाटे गेले.

गंगाखेडास गाडी गोदावरी ओलांडते. जनाबाईचें हें गांव. परंतु वैशाखांतली गोदा म्हणजे वाळूचें पात्र आणि मधूनमधून पाण्याचीं डबकीं. पलीकडे काळ्या नांगरटीचीं रानें आडवीं पसरलेलीं. पुढें परळी येते. वैजनाथाचें क्षेत्र म्हणून तिची ख्याति जुनी, औष्णिक वीजकेंद्राची त्या मानानें अलीकडची. दगडी कोळशानें पाण्याची वाफ करावयाची व वाफेनें चक्र फिरवावयाचें, असा तो कारखाना; कोळसा बाहेरून आणतां येतो, पण पाणी कोठून आणणार? २०१५ च्या जुलैंत पाण्याअभावीं हें केंद्र बंद ठेवावें लागलें होतें. मराठवाड्यांत वीज व पाणी या दोन टंचाया निरनिराळ्या समजण्याची चूक आपण शहरांतले लोक करतों. परळीकरांस ती करतां येत नाहीं.

हें सांगण्याचें कारण असें कीं, पोरांनीं रचलेला खेळहि पाण्याचाच होता. २०१६ च्या उन्हाळ्यांत मांजरा धरण कोरडें पडलें आणि लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें वाचकांस स्मरत असेल. एप्रिलच्या १२ तारखेस पहिली गाडी पोंचली. दहा वाघिणी, आणि त्यांत सुमारें पांच लाख लिटर पाणी. पुढें पन्नास वाघिणींची गाडी येऊं लागली व एका खेपेस पंचवीस लाख लिटर उतरूं लागलें. त्यापूर्वीं मार्चांत पाण्याच्या टाक्यांभोंवतीं जमावबंदी पुकारण्याची पाळी आली होती. खेळांत खेळणाऱ्यानें मिरजेस वाघिणी भरावयाच्या, मार्ग मोकळा मिळवावयाचा, व शहराच्या टाक्या रित्या होण्यापूर्वीं लातूर गांठावयाचें. खेळ म्हटला कीं ठोसाठोशी व बंदुका, अशी आमची समजूत. ही कल्पना ऐकून आम्हीं ती बरीच सैल केली.

लातूर आलें तेव्हां पेटी रिकामी व लॅपटॉपांत चौथा हिस्सा शिल्लक. पोर निर्धास्त होतें, कारण आतां भिंतीची वीज मिळणार. आम्ही आक्काच्या दारांत उतरलों आणि वळवाचा पाऊस कोसळला. वारा असा कीं अंगणांतला मांडव एका बाजूस कलला. वीज गेली ती गेलीच. घरांत पंचवीस पाहुणे, बटूचें केळवण नुकतेंच आटोपलेलें, आणि घड्याळांत साडेदहा. अजून खेळाची अखेरची बांधणी व्हावयाची होती. त्या कामांत यंत्र जीव तोडून राबतें. चौथा हिस्सा त्यास कोठून पुरणार?

आक्काकडे इन्व्हर्टर आहे. भारनियमनाच्या काळांत घेतलेला, पुढें बदललेला. जिन्याखालीं १५० अँपिअर-तासांची बॅटरी. बारानें गुणलें कीं कागदोपत्रीं १,८०० वॉट-तास! आमच्या शिदोरीच्या चोवीसपटींहून अधिक. पुतण्यानें आधीं विजेरीच्या उजेडांत त्यावरची पट्टी वाचली. तो शुद्ध साइन-लहरीचा होता. स्वस्त चौकोनी लहरीवर असले अ‍ॅडाप्टर कुरकुरतात, म्हणून ही चौकशी. रांजण मोठा होता, परंतु तोटी येथेंहि आड आली. सहा पंखे व दिवे त्यावर चालूं होते; आणखी २३० वॉट घातले तर तो ओरडून बंद पडणार. मुलगा कांहीं बोलेना. मुंजीच्या घरांत पाहुण्यांचे पंखे बंद करा, असें कोणत्या तोंडानें सांगावें?

आक्कानें विचारलें, "किती वेळ लागेल रे?"

"पाऊण तास, आत्या."

आक्का उठली आणि माजघर, ओटी, वरची खोली अशा तिन्ही ठिकाणचे पंखे तिनें स्वतः बंद केले. व्याही मंडळींपैकीं एक गृहस्थ घाम पुसत म्हणाले, "खेळासाठीं?" आक्का म्हणाली, "त्याची परीक्षाच समजा," आणि त्यांच्या हातीं वाळ्याचा पंखा दिला. लॅपटॉपाचा पंखा मात्र शिट्टी वाजवल्यासारखा घोंघावूं लागला. त्या रात्रीं घरांत जोरानें फिरणारा तेवढाच. बांधणी झाली. फोनाच्या इंटरनेटवरून ती पाठवतां पाठवतां अकरा पन्नास झाले. पोंच आली तेव्हां पुतण्यानें पहिल्यांदा पाणी मागितलें.

बाराच्या सुमारास वीज परत आली. झोंप कोणासच नव्हती, म्हणून आक्कानें खेळ दाखव म्हटलें. मिरज, कृष्णा, वाघिणी, सारें तिनें चष्मा लावून पाहिलें. पडद्यावर गाडी लातुरास थांबली, आणि फलाटावरच बायका घागरी भरूं लागल्या.

"असें नव्हतें," आक्का म्हणाली. "गाडीचें पाणी स्टेशनाजवळच्या विहिरींत उतरायचें. तेथून शुद्ध करायला जायचें, मग टँकर. आमच्या गल्लींत टँकर आला कीं मी जिन्यावरून खालीं दोन कळश्या घेऊन. तिसरी नेली तर शेजारीण बोलायची. तिचें खरें होतें."

पुतण्यानें दुरुस्त्यांचा तोच कागद काढला व त्याच्या पाठीवर लिहिलें: विहीर. मग त्याखालीं लिहिलें: माणशीं दोन कळश्या.

"आणि जिना," आक्का म्हणाली. "जिना घालायला विसरूं नकोस."